कापराचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत जुन्या लोकांचे शहाणपण आहे आणि थोडी भीतीही आहे. मूळ शोधत गेल्यास पूज्य वस्तूविषयीचा आदर टिकेल की नाही, ही ती भीती होय. परंतु मनुष्याचा स्वभाव असा, की जे विचारू नये म्हणतात तेच तो आधी विचारतो. काही महिन्यांपूर्वी एका देवस्थानच्या वार्षिक सभेला बसण्याचा योग आला. जमाखर्च वाचून झाला, पालखीच्या दुरुस्तीचा विषय निघाला आणि मिटला. मग एका वयोवृद्ध महाजनांनी उठून ठराव मांडला, की यापुढे श्रींच्या आरतीस कारखान्यात तयार झालेला कापूर वापरू नये. झाडापासून निघालेला शुद्ध कापूरच वापरावा. त्यावर एका तरुण गृहस्थाने विनयाने विचारले, "शुद्ध म्हणजे काय, हे आधी ठरवू या का?" सभेत या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही. ठराव पुढच्या सभेवर गेला. माझ्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही. आणि जसजसा विचार केला तसतसे लक्षात येत गेले, की तो एकट्या कापराचा प्रश्न नाही.

प्रथम कापराविषयीच बोलू. वनस्पतींच्या सुगंधी तेलांत जी द्रव्ये असतात, त्यांतील एका फार मोठ्या कुळाला रसायनशास्त्रात टर्पीन असे नाव आहे. टर्पेंटाइन या शब्दावरून ते पडले. या कुळातील घटना मोठी सुबक आहे. कर्बाचे पाच अणू असलेला एक लहानसा सांगाडा हा तिचा मूळ मणी. दोन मणी जोडले की दहा कर्बांचे द्रव्य होते. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन आणि आपला कापूर ही या जातीची होत. तीन मणी जोडले की पंधरा कर्बांचे द्रव्य होते. चंदनातील सॅन्टालॉल, वाळ्याचा वास आणि चैत्रात देवाला वाहतात त्या दवण्याचा वास हे त्या जातीतले. ऑटो वालाख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने या द्रव्यांची संगती लावण्यात आयुष्याची कितीतरी वर्षे घालविली आणि १९१० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे देवघरात दरवळणारे पुष्कळसे सुगंध एकमेकांचे भाऊबंद आहेत. तुळशीच्या वासातील युजेनॉल मात्र या कुळातले नव्हे. ते परक्या घराण्यातून येऊन देवघरात मानाने बसले आहे. ही गोष्ट पुढे आपल्याला उपयोगी पडेल.

वनस्पती ही द्रव्ये का करते? आपल्याला आनंद व्हावा म्हणून खास नव्हे. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. कीड लागली, बुरशी चढली, साल फाटली, की त्याने करावे काय? ते वासाने शत्रूला दूर ठेवते आणि चिकाने जखम बुजविते. कापराच्या वासाने कपड्यांची कसर दूर राहते हे आपल्या आजीला ठाऊक होते. झाडाला ते तिच्याही आधीपासून ठाऊक आहे. पाइन वृक्षाच्या खोडाला घाव घातला, की त्यातून जो चीक पाझरतो त्यात टर्पेंटाइन असते. गाभाऱ्यात ज्या सुगंधाने आपले मन निवते, त्याचा उगम अशा रीतीने कोठेतरी एका जखमेशी जाऊन भिडतो.

आपल्या जुन्या ग्रंथांना आणि बाजाराला कापूर दोन प्रकारचा माहीत होता. एक भीमसेनी. तो सुमात्रा आणि बोर्निओ बेटांतील एका उंच वृक्षाच्या पोटात, लाकडाच्या भेगांतून, स्फटिकांच्या रूपाने सापडे. रसायनदृष्ट्या तो कापूर नव्हेच. तो बोर्निऑल, कापराचा सख्खा भाऊ. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील बरूस हे बंदर त्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. तेथे दक्षिण भारतातील व्यापाऱ्यांच्या श्रेणीने कोरविलेला १०८८ सालचा तमिळ शिलालेख सापडलेला आहे. तिकडील कापूर सोन्याच्या वजनाने विकला जातो, असे मार्को पोलोने लिहून ठेवले. दुसरा चिनी कापूर. चीन, तैवान आणि जपान येथील कापूरवृक्षाचे लाकूड कातरून वाफेवर उकळले, की तो निघे. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इकडील औषधींवर संवादरूप ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यातही कापरावर एक स्वतंत्र संवाद आहे, आणि बोर्निओचा कापूर व चिनी कापूर यांतील भेद व त्यांच्या किंमतींतील प्रचंड तफावत त्याने नमूद केली आहे. म्हणजे "हा कापूर कोठला?" हा प्रश्न आपल्या भूमीत निदान साडेचारशे वर्षे विचारला जात आहे.

परंतु कोठला म्हणून विचारणारा तो प्रश्न भावाचा होता. तो मिळविताना काय घडते, असे सहसा कोणी विचारले नाही. भीमसेनी कापराचा वृक्ष बाहेरून पाहून आत स्फटिक आहेत की नाहीत हे खात्रीने कळत नाही. म्हणून शोधणारे झाड पाडीत, चिरून पाहात, आणि कित्येक झाडे रिकामी निघत. एका मूठभर कापरासाठी शंभर हात उंचीची झाडे आडवी होत. तो वृक्ष आज धोक्यात आलेल्या वृक्षांत गणला जातो.

चिनी कापराची कथा याहून कठोर आहे. १८७० च्या सुमारास अमेरिकेत हायट नावाच्या कारागिराने सेल्युलॉइड हा पदार्थ बाजारात आणला. त्याला मऊपणा आणण्यासाठी कापूर लागे. फण्या, बाहुल्या, शर्टाच्या कॉलरी आणि पुढे चलच्चित्राच्या फिती या पदार्थाच्या होऊ लागल्या, आणि जगात कापराची भूक एकाएकी वाढली. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखविला तेव्हा त्या काळच्या चित्रफिती याच जातीच्या होत्या. सत्यासाठी राज्य सोडणारा राजा आपल्या लोकांनी प्रथम पडद्यावर पाहिला, तो कापराच्या साहाय्याने. पण त्यापूर्वीच, १८९५ साली, जपानने तैवान घेतले होते आणि १८९९ साली तेथील कापरावर सरकारी मक्ता बसविला होता. कापूरवृक्षांची दाट अरण्ये डोंगराळ मुलखात होती आणि त्या मुलखात तेथील मूळ रहिवासी पिढ्यान्पिढ्या राहात आले होते. त्यांना मागे रेटण्यासाठी डोंगरांतून चौक्यांची रांग उभारण्यात आली; काही ठिकाणी विजेचा प्रवाह सोडलेल्या तारा लावण्यात आल्या. रांग पुढे सरके तसे अरण्य तुटे आणि माणसे मरत. शेकडो वर्षांचे वृक्ष मुळांसकट खणून भट्टीत गेले. तो कापूर शंभर टक्के नैसर्गिक होता. झाडाचाच होता. त्यात कारखान्याचा रसायनी हात कोठेही नव्हता. आज ज्या अर्थाने आपण शुद्ध हा शब्द वापरतो, त्या अर्थाने त्याहून शुद्ध कापूर मिळाला नसता. आता महाजनांनीच सांगावे, तो शुद्ध होता काय?

या कत्तलीला आळा बसला तो पुष्कळ अंशी दुसऱ्या एका कापरामुळे. फिनलंडमधील कोम्पा या रसायनशास्त्रज्ञाने १९०३ साली कापराचा रेणू प्रयोगशाळेत जुळवून दाखविला. व्यापारी प्रमाणावर मात्र वेगळी वाट उपयोगी ठरली, आणि ती पाइनच्या चिकातून गेली. त्या चिकाचे ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाइन वर जाते आणि राळ खाली राहते. टर्पेंटाइनमध्ये पायनीन नावाचे दहा कर्बांचे द्रव्य असते. त्याचा सांगाडा आम्लधर्मी पदार्थाच्या संगतीत फिरवून कॅम्फीन करतात. या वेळी बाजूला लिमोनीन कुळातील, संत्र्याची आठवण देणारे द्रव्यही निघते. कॅम्फीनचा आयसोबोर्निऑल होतो, आणि शेवटी त्यातील उज्जाचे दोन अणू काढून घेतले की कापूर तयार होतो. आज आपल्या देवळांतून जळणारा बहुतेक कापूर या मार्गाने आलेला आहे. आता एक गंमत पाहावी. कापूरवृक्ष आपल्या पेशींत कापूर करतो तेव्हा तोही शेवटच्या पायरीवर हेच करतो. बोर्निऑलमधील उज्जाचे दोन अणू काढून त्याचा कापूर बनवितो. झाडाने पानात जे केले तेच मनुष्याने तांब्याच्या साहाय्याने भांड्यात केले. आणि ज्याला आपण कृत्रिम म्हणतो तोही निर्वंशी नाही. तोही एका झाडाच्या जखमेतूनच निघाला आहे. झाड तेवढे बदलले.

दोन्ही कापरांत फरक मुळीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. वादात आपली बाजू साधावी म्हणून सत्य झाकणे योग्य नव्हे. उजवा आणि डावा हात जसे एकमेकांचे प्रतिबिंब असतात, तसे कापराच्या रेणूचे दोन प्रकार होतात. कापूरवृक्षाचा कापूर एकाच हाताचा असतो; टर्पेंटाइनपासून केलेल्या कापरात दोन्ही हात साधारणपणे निम्मेनिम्मे असतात. सूक्ष्म उपकरणातून प्रकाश सोडला, की हा भेद कळतो. अग्नीला मात्र तो कळत नाही. १५२ ग्रॅम कापूर, मग तो कोणत्याही हाताचा असो, पूर्णपणे जळला तर ४४० ग्रॅम कर्बाम्ल वायू आणि १४४ ग्रॅम पाण्याची वाफ होते. ज्योतीच्या दृष्टीने दोघे समान आहेत.

तेव्हा प्रश्न असा उरतो, की शुद्धी वस्तूत शोधावी, तिच्या जन्मात शोधावी की आणखी कोठे?

वस्तूत शोधावी असे म्हणाल, तर उत्तर सोपे आहे. वडीत कापरावाचून दुसरे काही मिसळलेले नसावे. तसे असेल तर ती लबाडी आहे, आणि देवापुढे असो वा दुकानात असो, लबाडी ती लबाडीच. देवस्थानने माल पारखून घ्यावा, यात दुमत होण्याचे कारण नाही.

जन्मात शोधावी असे म्हणाल, तर मी जरा थांबेन. देवाला उत्तम ते द्यावे, मूळचे ते द्यावे, ही इच्छा उदात्त आहे. त्या वृद्ध महाजनांच्या ठरावामागे हीच इच्छा होती आणि तिचा उपहास करणाऱ्यांत मी नाही. परंतु आपल्या पूजाविधीनेच या बाबतीत केवढे औदार्य दाखविले आहे, ते आपण विसरतो. एखादा उपचार मिळाला नाही, वस्त्र नाही, आभूषण नाही, तर त्याच्या जागी आपण अक्षता वाहतो आणि ज्याच्या जागी वाहिल्या त्याचे नाव घेतो. देव ते स्वीकारतो अशी आपली श्रद्धा आहे. येथे एका वस्तूच्या जागी दुसरी आली, म्हणून अशुद्धी आली नाही. का? कारण लपविले काही नाही. अक्षतांना आपण वस्त्र म्हणून खपवीत नाही. वस्त्राच्या अभावी अक्षता, असे देवासमोर कबूल करतो. या विधीचा मला जाणवणारा अर्थ असा, की दोष पर्यायात नसून बतावणीत आहे. टर्पेंटाइनचा कापूर टर्पेंटाइनचा म्हणून लावावा, त्यात कमीपणा नाही. तोच भीमसेनी म्हणून विकला आणि आपण तो जाणूनबुजून भीमसेनी म्हणून मिरविला, तर मात्र ज्योतीपूर्वीच काजळी धरली.

जन्मावरून शुद्धी ठरविण्याची ही सवय कापरापाशी थांबत नाही, हे येथे बोलणे मला भाग आहे. ज्या ओर्ताचा उल्लेख वर आला, त्याचे पूर्वज यहुदी होते. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याला दोषी ठरवून त्याची हाडे थडग्यातून उकरली आणि जाळली. कूळ शोधणाऱ्यांना मेलेला माणूसही पुरेसा मेलेला वाटत नाही. त्याच्या ग्रंथाच्या आधी तीन वर्षे, १५६० साली, कुशस्थळीचा मंगेश आपले स्थान सोडून नदीपार प्रियोळला आला. देवाचे गाव बदलले. त्यामुळे देवत्वात काही उणे आले, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय? स्थान बदलूनही देव तोच राहतो हे ज्या समाजाने अनुभवाने जाणले, त्याच समाजाने आपल्या देवळांच्या दाराशी मात्र किती काळ माणसांची कुळे विचारली! पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. तेव्हाही दाराशी उभ्या असलेल्यांचा शब्द शुद्धी हाच होता. कापराच्या वडीला आज आपण जे विचारतो, तेच पूर्वी माणसाला विचारीत होतो, आणि काही ठिकाणी अजून मनातल्या मनात विचारतो: तू कोणाच्या पोटी आलास? जो प्रश्न माणसाच्या बाबतीत आपल्याला आज लाज आणतो, तो द्रव्याच्या बाबतीत विचारताना निदान जपून विचारावा. परक्या घराण्यातले तुळशीचे युजेनॉल आपण देवघरात घेतले तेव्हा कोणी त्याचे कूळ विचारले नव्हते.

मग मूळ शोधूच नये काय? शोधावे, पण निराळ्या हेतूने. वस्तू कोणाच्या पोटी जन्मली, यापेक्षा तिच्यासाठी किंमत कोणी मोजली, हे विचारावे. पहिला प्रश्न आपल्याला श्रेष्ठ ठरवितो, दुसरा ऋणी ठरवितो. तैवानच्या डोंगरातला कापूर या दुसऱ्या प्रश्नापुढे टिकत नाही. आणि आजचा कापूरही या प्रश्नातून सुटत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. हिमालयाच्या उतारांवर चीड वृक्षाचा चीक काढतात. पहाडी लोक त्याला लिसा म्हणतात. पूर्वी त्यासाठी खोडाला खोल खाचा पाडीत. असे घायाळ झाड वादळात मोडे आणि वणव्यात, चिकाने माखलेल्या जखमेपाशीच, आधी पेट घेई. पुढे उथळ तिरप्या रेघा पाडण्याची पद्धत आली. तिने झाडाला इजा कमी होते. पण रेघ उथळ पाडणे हे शेवटी त्या मजुराच्या हातावर आणि ठेकेदाराच्या लोभावर अवलंबून आहे. चीक अधिक वाहावा म्हणून जखमेवर आम्ल शिंपडतात, ते त्या मजुराच्या हातावरही उडते. आरतीच्या वेळी हे हात आपल्याला दिसत नाहीत. ज्योतीचा लखलखाट असा असतो, की तिच्या मागचे काही दिसू नये.

कापूर जळतो आणि मागे काही उरत नाही, म्हणून तो अहंकाराच्या विलयाचे प्रतीक झाला. संतवाङ्मयात कापूर आणि अग्नी यांचा दृष्टान्त पुनःपुन्हा येतो तो यामुळेच. दृष्टान्त सुंदर आहे, आणि जेथवर आत्मसमर्पणाची गोष्ट आहे तेथवर खराही आहे. परंतु एकदा जळत्या कापरावर थंड ताटली धरून पाहावी. ती काळी होते. जुन्या गाभाऱ्यांची छते पाहावीत. पिढ्यान्पिढ्यांच्या आरत्या तेथे काजळीच्या रूपाने साचल्या आहेत. काही उरत नाही, ही आपली समजूत. उरलेले आपण पाहात नाही, ही वस्तुस्थिती. सुमात्राच्या अरण्यात काही उरले, तैवानच्या डोंगरात काही उरले, चीड वृक्षाच्या खोडावर काही उरले. कापूर नाहीसा होतो. त्याचे ऋण होत नाही. अहंकार जाळावयाचा असेल, तर आपले अर्पण निष्कलंक आहे हा अहंकार आधी जळला पाहिजे.

पुढच्या सभेत तो ठराव पुन्हा येईल. तेव्हा मला बोलण्याची संधी मिळाली, तर त्या वृद्ध महाजनांच्या चरणांना वंदन करून मी एवढेच सुचवीन: झाडाचाच कापूर हवा हा आग्रह आपण सोडावा, कारण आपल्या आग्रहासाठी कोठेतरी झाड पडेल. जो कापूर घेऊ तो भेसळीचा नसावा आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी. ताटे भरभरून वड्या पेटविण्यात भक्ती वाढत नाही. एक वडी पुरे, आणि वाचलेल्या पैशातून दरवर्षी देवस्थानच्या जागेत चार झाडे लावून ती जगवावीत. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी कापूर ठेवू नये. गोळी समजून मुलाने तो गिळला, तर त्याला आकडी येऊन जिवावर बेतू शकते. ही सूचना सामान्य वाटेल, परंतु ज्या देवळात मुलाच्या जिवाची काळजी घेतली जाते तेथील शुद्धी मला अधिक भरवशाची वाटते.

आणि आरतीचे ताट समोर आले, की आपण ज्योतीवर हात फिरवून ते डोळ्यांना लावतो. ते करताना क्षणभर मनात आणावे, की या उजेडासाठी कोणा झाडाने घाव सोसला आणि कोणा अनोळखी मनुष्याने डोंगर चढला. त्याचे कूळ आपल्याला ठाऊक नाही. ते ठाऊक असण्याची गरजही नाही. त्याचे उपकार ठाऊक असले, म्हणजे पुरे.